नुसरत आपा आणि चुकून गेलेला होकार

ही चूक माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रशांतनं केली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले असते. माझ्या हातून झाली असती तर आपांनी माझी खरडपट्टी काढली असती, आणि तीही मी मुकाट्यानं गिळली असती. पण ती केली नुसरत आपांनी. स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत. इतकी वर्षं झाली तरी मला ते पटत नाही. कुणाला सांगायला बसले की मीच मध्ये थांबते आणि म्हणते, छे, काहीतरी वेगळं झालं असेल. वेगळं काही झालं नव्हतं. मी तिथं होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आपांचं ऑफिस अमरावतीला इर्विन चौकाच्या मागच्या गल्लीत, एका कृषी केंद्राच्या वर होतं. खाली बियाणं आणि फवारणीची औषधं, वर आमच्या वेबसाइट. त्या वासानं पहिल्या आठवड्यात माझं डोकं उठलं, मग नाकच मेलं. ती वर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची, सकाळचा पेपर उघडायला माणूस भ्यायचा. खालचे दुकानदार काका तर सरळ शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे आणि पहिल्या पानाच्या आधीच घडी घालून ठेवायचे. मी अकोल्याची, नवी नवी डिग्री घेतलेली, पुण्याला जायला घरच्यांनी नाही म्हटलं म्हणून फुगून इथं आलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, कर्म माझं, कुठं येऊन पडले.

आपा परतवाड्याच्या. वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान. उंच, काटकुळ्या, आणि आवाज असा की फोनवर बोलायला फोनची गरज नव्हती. सकाळी आल्या की हातातल्या काचेच्या बांगड्या काढून पेनांच्या मगात ठेवायच्या, कारण त्या कीबोर्डवर वाजतात. निघताना पुन्हा एकेक भरायच्या. एकदा एक बांगडी मगात राहिली तर पंचवटी चौकातून परत आल्या होत्या. चहा बशीत ओतून, फुंकर मारून, तो पार कोमट झाल्यावर प्यायच्या आणि तोवर कुणी काम सुरू करायचं नाही. प्रोग्राम अडला आणि पडद्यावर चूक सांगणारी लांबलचक तक्रार आली की आम्ही पोरं ती न वाचताच कुठंतरी बोटं चालवायला लागायचो. आपा हात धरायच्या.

"ओरडून राहिला बिचारा. आधी आयकून तर घ्या त्याचं," म्हणायच्या. मग ती तक्रार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचून घ्यायच्या, शाळेत धडा वाचून घेतात तशी.

आणि त्यांचा तो प्रश्न. कुणाच्याही प्रोग्राममधल्या कुठल्याही नावावर बोट ठेवून विचारायच्या, "हे कोनाचं आहे?" म्हणजे ही माहिती एकट्या कामाची आहे की सगळ्यांची सामाईक. उत्तर देताना जीभ अडखळली की संपलं, ते पान पुन्हा लिहा. प्रशांत पाठीमागं त्यांची नक्कल करायचा. जेवताना माझ्या लोणच्याकडं बोट दाखवून विचारायचा, हे कोनाचं आहे, आणि उत्तर यायच्या आत खाऊन टाकायचा.

क्लोजर, म्हणजे पुढं करायचं काम आत्ताच बांधून ठेवणं, आणि स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांची सामाईक माहिती, यांचं भांडण मला कॉलेजात कुणी धड समजावलं नव्हतं. आपांनी ते जेवायच्या सुट्टीत समजावलं.

"वंदना, डबा घरून सकाळी बांधून आणला नं तू? काय आहे त्यात?"

"भाजी-पोळी."

"आता दुपारी तुह्या मायनं घरी पुरनपोळी केली. तुह्या डब्यात येईन काय ते?"

"नाही येणार."

"मंग क्लोजर म्हंजे हा डबा. निघताना जे बांधून घेतलं ते त्याचं सोताचं. आन हा माठ पाय." कोपऱ्यात आमचा पाण्याचा माठ होता. "हा साऱ्यायचा. सकाळी मी भरला, मंग प्रशांतनं त्यात वाळा टाकला, मंग कोनी काय केलं मले काय मालूम. तू ज्या टायमाले गिलास बुडवशीन त्या टायमाले जे असन ते तुले भेटन. क्लासचं स्टॅटिक व्हेरिएबल म्हंजे माठ. क्लोजरमंधून त्याले हात लावाचा असन तर लाव, मी नाई म्हणत नाही. पन तू सकाळी पायलेलं पानी दुपारी त्यात असनच असं धरून चालू नको."

मी पुढं पुण्याच्या, बंगलोरच्या लोकांबरोबर काम केलं. याहून नीट कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आम्ही तेव्हा पीएचपी नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचो. जुन्या सर्व्हरवरच्या पीएचपीला एक खोड होती. क्लासच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या एका घराच्या, आत लिहिलेल्या क्लोजरमधून 'सेल्फ' म्हणून आपल्याच क्लासचं स्टॅटिक मागितलं की प्रोग्राम जागच्या जागी मरायचा. प्रशांतनं त्यावर डोकं फोडून घेतलं. आपा आल्या, तक्रार वाचून घेतली आणि म्हणाल्या, "डबा घराबाहेर पडला, बापा. रस्त्यावर 'आमचं घर, आमचं घर' म्हटल्यानं कोनाले समजन? घराचं नाव सांग." 'सेल्फ'च्या जागी क्लासचं पूर्ण नाव लिहिलं आणि चाललं. पुढे नवं पीएचपी आलं, त्यात क्लोजरला आपलं घर आपोआप आठवायला लागलं, तर सगळं जग खूश आणि आपा नाराज. म्हणे, आता पोरं नाव लिहायचं सोडतील.

शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याला वेबसाइटवर किती लोक येऊन गेले तो आकडा दाखवायचा होता. प्रशांतनं आकडा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि पाहुणा आला की एकानं वाढवला. आठवडाभरानं व्यापारी जिना चढून वर आला, पंखा लावायला सांगितला आणि म्हणाला, "मॅडम, आकडा एकच दाखवून राहिला. माह्या साईटवर म्या एकटाच जातो का?"

आपा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग प्रशांतला समोर बसवून सांगितलं की पीएचपीत प्रत्येक पाहुण्याला नवा कोरा माठ मिळतो आणि पाहुणा गेला की तो फुटतो. मागच्या माणसाचं पाणी पुढच्याला दिसतच नाही. आकडा ठेवायचा तर डेटाबेसात, कायमच्या वहीत ठेव. व्यापाऱ्याचं म्हणणं होतं, आता ठेवताच आहात तर लाखापासून सुरू करा, माणसाला बरं दिसतं. आपा म्हणाल्या, "मले नाई दिसत बरं." आणि शून्यापासून सुरू केला. तो माणूस रागावून गेला आणि पुढच्या मोसमात भावाची वेबसाइट घेऊन आला.

अशी ही बाई. आता मेळाव्याचं सांगते.

एका समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा दरवर्षी अकोल्याला भरायचा. मुलं-मुली मंचावर येऊन परिचय देत, मग कोण कुणाला पसंत ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकत. कार्यकर्ते चिठ्ठ्या उघडत आणि दुपारपर्यंत कुणाला किती जणींनी नाकारलं ते जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना माहीत झालेलं असे. त्या वर्षांत शेती करणाऱ्या मुलांचे फार हाल. आधी परिचयपत्रात 'शेती' हा शब्द वरच्या ओळीत असायचा, मग तो हळूहळू खाली सरकत गेला. मुली मंचाकडे बघायच्या, नोकरी आहे का तेवढं ऐकायच्या आणि मान खाली घालायच्या. मुलींना तरी काय दोष द्यायचा? त्याही पेपर वाचतच होत्या.

आपांनी या मेळाव्यासाठी पीएचपीत एक साइट करून दिली होती. मुलगी संगणकावर बसते, मुलाचं पान उघडते, हो किंवा नाही दाबते. मुलगाही तसंच करतो. दोन्हीकडून हो असेल तरच दोन्ही घरांच्या मोबाइलवर निरोप जातो. नकार कुणाला म्हणजे कुणालाच दिसत नाही. आपांना या कामाचा फार अभिमान होता. "पोरीचा नकार तिचा सोताचा. त्याचा गावभर बोभाटा कायले?" म्हणायच्या. काही वर्षं ते सुरळीत चाललं.

मग पीएचपीच्या जागी नोड नावाच्या नव्या तंत्राचं वारं आलं. त्यात प्रोग्राम सकाळी जागा होतो तो दिवसभर जागाच राहतो, आणि डेटाबेसला काम सांगितलं की उत्तराची वाट बघत थांबत नाही. उत्तर आल्यावर काय करायचं ते एका क्लोजरमध्ये बांधून ठेवतो आणि पुढच्या माणसाकडं वळतो. आपांनी मेळाव्याची साइट नव्यात आणायचं ठरवलं. मी म्हटलं, मी करते. म्हणाल्या, "नाई, हे माह्यं आहे." ओळीला ओळ लावून त्यांनी सगळं स्वतः उतरवून घेतलं. आम्ही ऑफिसात आलटून पालटून बटणं दाबून तपासलं. उत्तम चाललं.

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयात ओळीनं संगणक मांडलेले. सकाळी तुरळक गर्दी होती. जेवणं झाली आणि सगळ्या खुर्च्या एकदम भरल्या. मी आणि आपा मंचामागच्या टेबलाशी बसलो होतो. तेवढ्यात सभागृहात एकच गलका झाला.

धामणगाव रेल्वेकडच्या एका गावाहून एक म्हातारे गृहस्थ आले होते, मुलगा गजानन याला घेऊन. ओलिताची जमीन, विहीर, घर नीट, माणसं नीट, मुलगा शिकलेला आणि दिसायलाही चांगला. पण शेती. त्यांच्या मोबाइलवर निरोप आला होता की पल्लवी नावाच्या मुलीचा होकार आहे. म्हातारे धावत बाहेर गेले, समोरच्या दुकानातून पेढ्यांचा मोठा पुडा आणला आणि खुर्च्या-खुर्च्यांतून वाटायला लागले. लोक पाठ थोपटत होते. गजानन मात्र जागेवरच बसून होता, त्याचा चेहरा असा की हे आपल्याबद्दल चाललंय हे त्याला खरं वाटत नव्हतं.

पल्लवीच्या आईच्या मोबाइलवरही तोच निरोप आला. तिनं मुलीला दाखवला. मुलगी उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मी यांना हो म्हटलेलंच नाही."

शेजारच्या बाईनं विचारलं, "मंग मोबाइल खोटं बोलते काय वं?"

झालं. हो म्हणून आता फिरली, दुसरा चांगला दिसला असेल, आजकालच्या पोरी, असं ज्याच्या तोंडाला जे येईल ते. मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती की तिनं बँकेतल्या एका मुलाला हो म्हटलं होतं. त्यानं तर बोलणं आणखीच वाढलं. त्या बँकवाल्याच्या घरच्यांनी हा तमाशा पाहिला आणि गाडी काढून निघून गेले. त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही. तिनं एकच गोष्ट खरी सांगितली होती आणि तीच कुणी मानत नव्हतं.

आपांनी आधी प्रोग्राम बंद केला. मग लॅपटॉपवर ओळी वाचायला लागल्या, वरून खाली, बोट ठेवून. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. एका नावावर त्यांचं बोट थांबलं. मुलीनं समोर उघडलेला मुलगा कोण, ते ज्यात ठेवलेलं असतं ते नाव. स्टॅटिक होतं.

"हे कोनाचं आहे," आपा पुटपुटल्या. माझ्याशी नव्हे.

मला वाचता वाचता कळलं. पीएचपीत ते चालून जायचं, कारण प्रत्येकाला माठ वेगळा मिळायचा. इथं माठ सगळ्या सभागृहात एकच. पल्लवीनं बँकवाल्याचं पान उघडून हो दाबलं. डेटाबेसचं उत्तर यायला क्षणभर वेळ लागला. त्या क्षणात शेजारच्या संगणकावर दुसऱ्या एका मुलीनं गजाननचं पान उघडलं. मग पल्लवीचा क्लोजर जागा झाला, त्यानं माठात हात घातला, आणि हाताला लागलं गजाननचं नाव. पल्लवीचा हो त्याच्या नावावर लागला. गजाननचा होकार तिला आधीच होता, त्यानं जवळपास सगळ्यांनाच हो म्हटलं होतं. जुळलं, निरोप गेला. आणि ती दुसरी मुलगी, मागून नोंदीत दिसलं, तिनं त्याचं पान उघडलं होतं ते नकार द्यायला.

मला हा धडा ज्या बाईनं शिकवला तिनंच हे लिहिलं होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

मेळाव्याचे सचिव घामाघूम होऊन आले. आपांनी त्यांना काय झालं ते सरळ सांगितलं. सचिव म्हणाले, "मॅडम, हे आता कोनाले समजाचं नाही. पोरीकून चुकून बटन दाबल्या गेलं म्हना, विषय संपला."

"पोरीनं बरोबर बटन दाबलं, भाऊ."

"हाव, पन मेळाव्याची बदनामी होईन. तुमचंही नाव खराब होईन."

"माइक द्या मले."

"माइक नाही भेटत," सचिव म्हणाले. आणि खरंच मंचावर चढून त्यांनी माइक काढून घेतला, काखेत धरला आणि वायर गुंडाळायला लागले. एवढा शिकलेला माणूस. मला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात गजानन टेबलाशी आला. मला वाटलं आता हा आपांना बोलणार, आणि बोलला तर मी काय करणार होते? पण त्यानं हळू आवाजात विचारलं, "मॅडम, मी मांगं उभा होतो, आयकलं सारं. एक सांगा. जसं त्यायचं हो माह्याकडं आलं, तसं माह्यं एखादं खरं हो दुसऱ्याकडं गेलं असन काय? पाहून सांगता काय?"

कुठल्या संगणकावरून कुणाचं पान उघडलं आणि काय दाबलं, याची सर्व्हरकडं वेगळी नोंद राहते. आपांनी ती काढली. आम्ही दोघींनी पाहिली. त्याचं पान बऱ्याच जणींनी उघडलं होतं. हो एकीचंही नव्हतं.

मला वाटलं, आता आपा म्हणतील सांगता येत नाही, सगळं मिसळलंय. मीही तेच म्हटलं असतं. कोण म्हणणार नाही?

"नाई, बेटा," आपा म्हणाल्या. "आलं नाही."

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. एवढी मोठी चूक करून बसलात आणि आता याच्यापुढं खरेपणा दाखवता? पण गजाननचे खांदे सैल पडले. तो म्हणाला, "बरं झालं सांगतलं. दरसाली बाबा मले इथं आणतात आन म्हणतात कुठंतरी अटकून राहिलं असन, पुढच्या साली येईन. माह्यं आयकत नाहीत. तुमी सांगा त्यायले. मले इथं उभं राहाची लाज वाटते, मॅडम."

आपा उठल्या. म्हातारे मधल्या रांगेत पुडा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या कानावर तोवर गडबड आली होती, पण पुडा अजून उघडाच होता. आपा शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना सगळं सांगितलं, होकाराचंही आणि होकार नसल्याचंही. मी मागं उभी होते. म्हातारे म्हणाले, "तो नाई आला तर नाई आला. पन म्या एवढ्या लोकायच्या हातावर पेढे ठेवले, बाई. आता त्यायले काय सांगू?"

"तुमी नका सांगू. मी सांगतो."

आणि त्या निघाल्या. पहिल्या रांगेपासून. माइक नाही, काही नाही. एकेका माणसापुढं उभ्या राहून त्याच त्या मोठ्या आवाजात सांगत होत्या, "पोरीनं याहिले हो म्हटलंच नव्हतं. माह्या प्रोग्रामनं एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर टाकलं. चुकी माही आहे, पोरीची नाही." कुणी तोंड फिरवलं, कुणी कुत्सित हसलं. एकानं 'अशा बायकांना कामं द्यावीच कशाला' असं तोंडावर म्हटलं. आपा मान हलवून पुढच्या खुर्चीकडं. सचिव मागून येऊन "मॅडम, पुरे, मॅडम" करत होते, त्यांच्या काखेत अजून तो माइक होता. म्हातारेही उठून आपांच्या मागं चालायला लागले. ज्यांना ज्यांना त्यांनी पेढा दिला होता त्यांच्यापुढं आपा बोलायच्या आणि म्हातारे हात जोडायचे.

शेवटून दुसऱ्या रांगेत पल्लवी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलगी मान वर करत नव्हती. आपांनी तेच शब्द पुन्हा म्हटले, पण या वेळी आवाज फुटला आणि अर्ध्यातच थांबला. उरलेलं म्हाताऱ्यांनी पूर्ण केलं.

"पोरी, तुह्यं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "आमच्या गजाननचंही नाही. घे, पेढा तर घे."

मुलीनं पेढा घेतला. खाल्ला नाही, मुठीत धरून बसली. तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला.

पुढं मी नोकरी बदलली, आपांची माझी भेट झाली नाही असं नाही, फोनवरही पुष्कळ बोललो. पण आपा म्हटलं की मला त्या त्या सभागृहातच दिसतात. बांगड्या काढलेले मोकळे हात, कपाळावर घाम, आणि समोर एक रांग अजून शिल्लक. त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं आणि त्या शेवटच्या रांगेकडं वळल्या.